मऊ वस्त्रांतील श्रद्धा

विद्यापीठात शिकणाऱ्या ख्रिस्ती तरुणांशी धर्मगुरूने कसे बोलावे? या प्रश्नाचे एक विचारणीय उत्तर मॉन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स यांच्या ‘इन सॉफ्ट गारमेंट्स’ (१९४२) या इंग्रजी ग्रंथात मिळते. अँग्लिकन बिशपांचे चिरंजीव असलेले नॉक्स १९१७ साली कॅथलिक झाले आणि १९२६ ते १९३९ या काळात ऑक्सफर्डमधील कॅथलिक विद्यार्थ्यांचे चॅप्लेन होते. कॅथलिक तरुणांनी तेथे शिकावयास जाऊ नये, असेच ख्रिस्तसभेचे धोरण पूर्वी होते. १८९५ साली रोमने परवानगी दिली, ती विद्यार्थ्यांसाठी नियमित धर्मव्याख्याने व्हावीत या अटीवर. प्रस्तुत ग्रंथ अशाच व्याख्यानांचा संग्रह होय.

ग्रंथाचे नाव मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातून घेतले आहे. तेथे अरण्यवासी योहानाच्या तुलनेत राजवाड्यांतील तलम वस्त्रधाऱ्यांचा उल्लेख येतो. चॅप्लेनचे निवासस्थान ‘ओल्ड पॅलेस’ या नावाने ओळखले जाई, हे ध्यानी घेतले की या नावातील मिश्किली कळते. ती मिश्किली लेखकाने स्वतःवरच केलेली आहे.

ईश्वराचे अस्तित्व, ख्रिस्ताचा दावा, ख्रिस्तसभेचा अधिकार, विवाह असे गंभीर विषय नॉक्स घरगुती दाखले देत उलगडतात. त्यांनी रहस्यकथाही लिहिल्या होत्या. पुरावा पारखणारी ती नजर येथेही जाणवते. प्रतिपक्षाला दुबळा रंगवून ते वाद जिंकत नाहीत. श्रोत्याच्या बुद्धीचा असा मान राखणे हेच या ग्रंथाचे मोठे बळ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठांतराने जे मिळाले, ते विद्यापीठात तपासले जाणारच. त्या तपासणीला भिऊ नये, हा धीर तो देतो.

तथापि त्याची मर्यादाही येथेच आहे. शंका हे बुद्धीचे कोडे असून ते सुटले की श्रद्धा सावरते, असे यातील विवेचन गृहीत धरते. माझा अनुभव निराळा आहे. आमच्या धर्मग्रामातील एक हुशार मुलगा शहरात शिकावयास गेला आणि मिस्सेला येईनासा झाला. सुटीत तो भेटला तेव्हा सेमिनरीत शिकलेले सारे युक्तिवाद मी त्याच्यापुढे मांडले. त्याने ते शांतपणे ऐकले आणि तो उठून गेला. वसतिगृहात तो किती एकटा पडला आहे, हे मी विचारलेच नव्हते. त्याला उत्तरे नको होती, ऐकणारा हवा होता.

येथे संत जॉन हेन्री न्यूमन यांचे स्मरण होते. २०२५ साली ज्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित घोषित करण्यात आले, त्या न्यूमन यांनी डब्लिनच्या विद्यापीठ-मंदिरात १८५६ साली संत मोनिकाच्या सणाला प्रवचन केले. बुद्धी आणि भक्ती यांची ताटातूट मिटविणे हे विद्यापीठाचे कार्य, असे त्याचे सूत्र. मात्र त्याचा आरंभ आहे मुलासाठी रडणाऱ्या आईपासून. नॉक्स यांच्या ग्रंथात तर्क आहे, विनोद आहे. ते अश्रू मात्र क्वचितच दिसतात.

म्हणून हा ग्रंथ टाकाऊ ठरत नाही. उलट मराठीत याच्या तोडीचे काही नाही, याची खंत वाटते. आमची मुले प्रार्थना मराठीत शिकतात. त्यांच्या शंका मात्र पुढे इंग्रजीत जन्म घेतात. त्या दोन भाषांमध्ये पूल बांधणारे लेखन आपल्यापैकी कोणी करील काय? करणाऱ्याने नॉक्स यांचा तर्क अवश्य घ्यावा. परंतु लेखणी उचलण्यापूर्वी वसतिगृहातल्या एखाद्या खोलीत तासभर मुकाट्याने बसून यावे.