ध्यास आणि पुरावा: तोरेचे डेल्फ्ट

योहानेस व्हर्मीरच्या ‘डेल्फ्टचे दृश्य’ या चित्राचा विषय निघाला की बोलणे मार्सेल प्रूस्तपाशी पोहोचतेच. त्याने ते १९०२ मध्ये द हेगला पाहिले, १९२१ मध्ये प्रकृती ढासळलेली असताना पॅरिसच्या प्रदर्शनात पुन्हा पाहिले आणि आपल्या कादंबरीतल्या बेर्गोत या लेखकाला याच चित्रासमोर मरण दिले. पण या चित्राने ज्याच्या आयुष्याची दिशा ठरवली, असा माणूस प्रूस्तच्या जन्मापूर्वी दोन वर्षे वारला होता. त्याचे नाव तेओफिल तोरे. ध्यासातून केलेल्या संशोधनावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्याच्या निमित्ताने मला विचारायचा आहे.

तोरे शिक्षणाने कायद्याचा, व्यवसायाने पत्रकार आणि मताने कडवा प्रजासत्ताकवादी. १८४२ च्या सुमारास द हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात त्याने हे चित्र पाहिले. अलीकडे वाळूचा काठ आणि त्यावर चार-दोन माणसे, मध्ये संथ पाणी, पलीकडे ढगाच्या सावलीतले गाव आणि त्यामागे उन्हात उजळलेला चर्चचा मनोरा. चित्रकाराचे नाव त्याच्या फारसे परिचयाचे नव्हते. ते नाव त्याच्या मनात घर करून बसले.

१८४९ च्या फसलेल्या उठावानंतर तोरेला फ्रान्स सोडावे लागले. पुढची दहा वर्षे परागंदा अवस्थेत गेली. या काळात त्याने ‘ब्युर्गर’ हे टोपणनाव घेतले. जर्मन भाषेत त्याचा अर्थ नागरिक. हे नाव त्याच्या कलाविचाराचेही सार आहे. देवदेवता आणि राजेरजवाडे यांच्याऐवजी साध्या माणसांचे घर, गल्ली आणि काम रंगवणारी सतराव्या शतकातली डच चित्रकला त्याला नागरिकांची कला वाटत होती. हॉलंडमधल्या संग्रहालयांवर त्याने १८५८ आणि १८६० मध्ये दोन खंड लिहिले. १८६६ मध्ये ‘गाझेत दे बोझार’ या नियतकालिकात व्हर्मीरवर त्याची लेखमाला आली. पहिल्या दर्शनापासून तिथवर जवळजवळ चोवीस वर्षे लोटली होती. एका चित्राच्या छायाचित्रासाठीही आपण वेडेपणा केला, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

विसरलेल्या व्हर्मीरला तोरेने शोधून काढले, ही कथा आता रूढ झाली आहे. ती जपून वाचली पाहिजे. ‘डेल्फ्टचे दृश्य’ डच राजाने १८२२ मध्येच २,९०० गिल्डर मोजून संग्रहालयासाठी घेतले होते. पूर्ण विसरलेल्या चित्रकाराला अशी किंमत येत नाही. व्हर्मीरची चित्रे लोकांसमोर होती. ती एका हाताची आहेत, हे सलगपणे मांडणारे कोणी नव्हते. तोरेने ते काम केले.

आणि त्यात तो ठिकठिकाणी चुकला. त्याने व्हर्मीरच्या नावावर सत्तरच्या आसपास चित्रे मांडली. आज अभ्यासक पस्तीस-सदतीस चित्रेच त्याची मानतात. म्हणजे तोरेच्या यादीतली निदान निम्मी तरी दुसऱ्यांची. या चुकांकडे नीट पाहिले की त्यांना एक दिशा दिसते. याकोबस व्रेल या चित्रकाराच्या विटांच्या भिंती आणि शांत गल्ल्या तोरेने व्हर्मीरच्या मानल्या. व्हर्मीरची गाव-गल्लीची दोनच चित्रे आज आपल्याला माहीत आहेत. बाकी जवळजवळ सगळा व्हर्मीर खिडकीजवळच्या खोलीत आहे. पण तोरेला तो पहिल्यांदा भेटला होता गावाबाहेर, पाण्याकाठी. मला वाटते, ते पहिले चित्रच त्याची मोजपट्टी झाले आणि त्या पट्टीने तो पुढे गल्ल्या शोधत राहिला.

शिवाय तो निव्वळ तटस्थ अभ्यासक नव्हता. तो स्वतः चित्रे घेत होता आणि संग्राहकांना सल्लाही देत होता. व्हर्मीरची काही अस्सल चित्रे त्याच्या घरी होती. नाव वाढले की किंमत वाढते, हे त्याला कळत नसेल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

हे लिहिताना मला माझ्या जुन्या वह्या आठवतात. एका आवडत्या लेखकाचे निनावी लेख जुन्या मासिकांतून हुडकण्यात मी बरीच वर्षे घालवली. शैली ओळखली, असे वाटले की नोंद करायची. पुढे त्यातले काही लेख दुसऱ्यांचे निघाले. चुकलेल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीत एक गोष्ट समान होती: त्या लेखकाचा मी पहिल्यांदा वाचलेला लेख मला तिथे पुन्हा भेटत होता. पदवी नसलेल्या माणसाला ‘हौशी’ म्हणतात, याचा मला पूर्वी राग यायचा. आता वाटते, तो शब्द निदान धोका कुठे आहे तेवढे सांगतो.

तरीही तोरेला मी बाद करत नाही. त्याने नुसता जयजयकार केला नाही, क्रमांकवार सूची छापली. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना एकेक चित्र घेऊन त्याच्याशी भांडता आले. त्याची यादी खोडत-खोडतच आजची यादी तयार झाली. चोवीस वर्षे त्याला चालवले ते ध्यासाने. पण आपल्याला उपयोगी पडली ती त्याने तपासणीसाठी उघडी ठेवलेली सूची.

तोरे १८६९ मध्ये वारला. त्याच्या संग्रहातले कारेल फाब्रित्सियस या डेल्फ्टच्याच चित्रकाराचे साखळीने बांधलेल्या छोट्या पक्ष्याचे चित्र १८९२ मध्ये विक्रीला निघाले आणि १८९६ मध्ये माउरित्सहाउसने घेतले. आज ते ‘डेल्फ्टचे दृश्य’ ज्या इमारतीत आहे, तिथेच आहे.