अंगठ्याचा ठसा आणि उपचाराचा पुरावा : खाजगी आरोग्यसेवेतील जैवमितीय ओळखीची चिकित्सा

प्रस्तावना

बोटांच्या ठशांचा प्रशासकीय वापर हा भारतीय भूमीवरच रुजलेला आहे. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारावर घेतला. पुढे तो करार नाकारू नये, एवढाच त्यामागील हेतू होता. १८७७ मध्ये हुगळी येथे त्याने हीच पद्धत दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन यांना लागू केली. मृत निवृत्तिवेतनधारकाच्या नावावर दुसऱ्यानेच पैसे उचलू नयेत, ही त्या वेळची चिंता होती. आज रुग्णालयाच्या खिडकीवर रुग्णाचा अंगठा यंत्रावर टेकविला जातो, तेव्हा त्यामागे हीच जुनी चिंता असते. समोरचा मनुष्य तोच आहे काय, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

विमा आणि शासकीय योजनांच्या पैशावर चालणाऱ्या खाजगी आरोग्यसेवेत गैरव्यवहार व अपव्यय मोठ्या प्रमाणावर होतो, याविषयी दुमत नाही. त्यावर जैवमितीय ओळख हा खात्रीचा उपाय असल्याचे प्रतिपादन धोरणकर्ते आणि तंत्रज्ञान पुरवठादार करीत आले आहेत. या प्रतिपादनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ठसा नेमके काय सिद्ध करतो आणि काय सिद्ध करू शकत नाही, हा या चिकित्सेचा मध्यवर्ती प्रश्न होय.

गैरव्यवहाराचे स्वरूप

आरोग्य विम्यातील गैरव्यवहारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग ओळखीच्या फसवणुकीचा. एकाचे कार्ड दुसऱ्याने वापरणे, अस्तित्वातच नसलेल्या रुग्णाच्या नावे दावा दाखल करणे, एकाच व्यक्तीची अनेक नावांनी नोंदणी करणे हे प्रकार त्यात येतात. दुसरा वर्ग सेवेच्या फसवणुकीचा. गरज नसताना शस्त्रक्रिया करणे, साध्या उपचारासाठी महागड्या पॅकेजची रक्कम लावणे, बाह्यरुग्ण म्हणून बरा होणाऱ्यास दाखल करून घेणे, एकाच उपचाराचे तुकडे पाडून स्वतंत्र देयके काढणे हे प्रकार या वर्गात मोडतात. महाराष्ट्रात ज्यास सर्रास ‘कट प्रॅक्टिस’ म्हटले जाते, ती रुग्ण पाठविण्याबद्दलची दलालीही याच वर्गातील. तिला आळा घालणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्यात २०१७ मध्ये तयार झाला होता.

हा भेद केवळ वर्गीकरणाच्या सोयीचा नाही. पहिल्या वर्गात फसविणारा खोटी व्यक्ती उभी करतो. दुसऱ्या वर्गात व्यक्ती खरीच असते, खोटी असते ती उपचाराची गरज किंवा उपचाराची नोंद. ठसा पहिल्या प्रकारास अटकाव करू शकतो. दुसऱ्या प्रकारात मात्र तो फसवणुकीच्या कागदपत्रांना अस्सलपणाचा शिक्का देऊन जातो.

दोन्ही वर्गांचे परस्पर प्रमाण किती, याची कल्पना अमेरिकेतील एका अभ्यासावरून येते. तेथील संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस या लेखापरीक्षण संस्थेने २०१६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०१० मध्ये निकाली निघालेल्या आरोग्यसेवेतील फसवणुकीच्या ७३९ प्रकरणांची तपासणी त्यात केलेली आहे. ओळख पटविणारे स्मार्ट कार्ड असते तर त्यांपैकी १६५ प्रकरणांवर, म्हणजे सुमारे २२ टक्क्यांवर, काही परिणाम होऊ शकला असता. उर्वरित ५७४ प्रकरणांत असे कार्ड निरुपयोगी ठरले असते, असा त्या संस्थेचा निष्कर्ष आहे. भारतातील परिस्थिती भिन्न असल्याने ही टक्केवारी येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तथापि रोगाचा मोठा भाग औषधाच्या आवाक्याबाहेर असू शकतो, हा इशारा त्यातून निश्चितपणे मिळतो.

राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेचा अनुभव

भारतातील या विषयाचा सर्वांत मोठा प्रारंभिक प्रयोग म्हणजे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना. २००८ मध्ये कार्यान्वित झालेल्या या योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील पाच व्यक्तींना वार्षिक ३०,००० रुपयांचे विमा संरक्षण होते. नोंदणीच्या वेळी ३० रुपये घेऊन ठसे व छायाचित्र असलेले स्मार्ट कार्ड दिले जात असे. रुग्णालयात अंगठा जुळला की उपचार रोखरहित होत. निरक्षर मनुष्याला अर्ज भरावा लागत नव्हता, स्थलांतरित मजुराला परराज्यातही कार्ड वापरता येत होते. हे या योजनेचे खरे यश होय आणि कोणत्याही टीकाकाराने ते नाकारू नये.

परंतु याच योजनेच्या काळात बिहार आणि छत्तीसगड येथून २०१२ च्या सुमारास गर्भाशय काढण्याच्या अनावश्यक शस्त्रक्रियांच्या तक्रारी पुढे आल्या. खाजगी रुग्णालयांनी विम्याच्या रकमेसाठी तरुण स्त्रियांवर या शस्त्रक्रिया केल्याचा आरोप होता. हे प्रकरण जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत अंमलात आणण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले.

या घटनेचा जैवमितीय ओळखीच्या दृष्टीने विचार करणे आवश्यक आहे. ज्या स्त्रीवर अशी शस्त्रक्रिया झाली ती लाभार्थी खरीच होती आणि कार्डही तिचेच होते. ती रुग्णालयात उपस्थित होती, शस्त्रक्रियाही प्रत्यक्ष झाली. म्हणजे ओळखीच्या प्रत्येक कसोटीवर तो दावा निर्दोष ठरतो. चूक शोधावयाची तर ‘ही कोण’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘हिला याची गरज होती काय’ हा प्रश्न विचारावा लागतो. त्याचे उत्तर कोणत्याही ठशात नसते. शिवाय कार्डावर किती रक्कम उरली हे यंत्राशिवाय वाचता येत नव्हते आणि ते यंत्र रुग्णालयाच्या हाती होते. ओळख रुग्णाने द्यावयाची आणि हिशेब मात्र रुग्णालयाने वाचावयाचा, अशी ही रचना होती.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचे उदाहरण येथे पूरक ठरते. २०१९ मध्ये महाराष्ट्र शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. तेथे बहुतांश खर्च स्त्रियांनी उचल किंवा कर्ज काढून स्वतःच केला होता. तात्पर्य, अनावश्यक शस्त्रक्रियेचे मूळ विम्यातही नाही आणि ओळखीच्या अभावातही नाही. ते अनियंत्रित सेवा आणि रुग्णाची अगतिकता यांत आहे.

आधारनंतरचे चित्र

२०१८ मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेने जुन्या योजनेची जागा घेतली. संरक्षण प्रतिकुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढले आणि ओळखीचा आधार स्मार्ट कार्डाऐवजी आधार क्रमांक हा झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या योजनेवरील अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेपुढे आला. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडलेले असल्याचे त्यात नमूद आहे. आधी मृत दाखविलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे नंतरच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचेही त्यात म्हटले आहे. तमिळनाडूत तर केवळ सात आधार क्रमांकांवर ४,७६१ नोंदण्या आढळल्या. लाभार्थ्याची पडताळणी भ्रमणध्वनी क्रमांकावर अवलंबून नसते, असा खुलासा आरोग्य मंत्रालयाने केला. तो मान्य केला तरी एक गोष्ट उरतेच. ओळखीची यंत्रणा कितीही प्रगत असली तरी नोंद करणारा हात आणि ती तपासणारी नजर यांच्या दर्जापलीकडे ती जाऊ शकत नाही. १८७७ मध्ये हुगळीला ज्या मृतांच्या नावावरील पैशाची चिंता होती, ती दीड शतकानंतरही लेखापरीक्षकांच्या पानांवर हजर आहे.

याउलट २०२५ च्या प्रारंभी शासनाने संसदेत दिलेली माहिती लक्षणीय आहे. खाजगी रुग्णालयांचे ५६२.४ कोटी रुपयांचे २.७ लाख दावे गैरवापर वा चुकीच्या नोंदींमुळे अग्राह्य ठरविण्यात आले आणि १,११४ रुग्णालये योजनेच्या यादीतून वगळण्यात आली. ही कारवाई दाव्यांच्या आणि रुग्णालयांच्या दिशेने झालेली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

न उमटणारे ठसे

ओळखीच्या यंत्रणेची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम, धुणीभांडी या कामांत बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्य, भाजल्याच्या जखमा आणि कुष्ठरोग यांमुळेही ठसे पुसट होतात. पाच वर्षांखालील बालकांचे ठसे आधार नोंदणीत घेतलेच जात नाहीत. बुबुळ, चेहरा किंवा संकेतांकाद्वारे पडताळणीचे पर्याय उपलब्ध आहेत, हे खरे. पण अत्यवस्थ रुग्ण दारात असताना तो पर्याय खिडकीवरील कर्मचाऱ्यास ठाऊक असणे आणि त्याने तो वापरणे यावर सारे अवलंबून राहते. आयुष्यभर कष्ट केल्याची खूण ज्या हातावर आहे, नेमक्या त्याच हातावर यंत्राने अविश्वास दाखवावा, ही केवळ तांत्रिक त्रुटी नव्हे. तो न्यायाचा प्रश्न आहे.

गोपनीयतेचा मुद्दाही याला जोडूनच येतो. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. २०१८ च्या आधार निकालात शासकीय लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरला, परंतु केवळ कराराच्या बळावर खाजगी संस्थांनी आधार पडताळणी करण्यास मुभा देणारी तरतूद रद्दबातल झाली. नोव्हेंबर २०२२ मधील दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवरील सायबर हल्ल्याने आरोग्यविषयक माहिती किती असुरक्षित असू शकते हे दाखविले. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरील ठशांची नक्कल करून बँक खात्यांतून पैसे काढल्याची प्रकरणेही अलीकडे उघडकीस आली आहेत. चोरीला गेलेला परवलीचा शब्द बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून जैवमितीय ओळख त्याज्य आहे, असा निष्कर्ष निघत नाही. तोतया रुग्ण आणि दुबार नोंदी यांना ती आळा घालू शकते. आक्षेप आहे तो तिला गैरव्यवहारावरील मुख्य उपाय मानण्यास. ठसा हा उपस्थितीचा पुरावा आहे, उपचाराचा नव्हे. म्हणून त्याच्या जोडीला शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरचे मत, दाव्यांचे वैद्यकीय लेखापरीक्षण, घरी गेलेल्या रुग्णाची भेट घेऊन विचारपूस आणि मराठीत लिहिलेले सविस्तर देयक या गोष्टी अनिवार्य व्हावयास हव्यात. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये केलेल्या सुधारणेने रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे बंधनकारक केले आहे. त्याची काटेकोर अंमलबजावणी कोणत्याही नव्या यंत्राहून अधिक फलदायी ठरू शकेल. तसेच ठसा जुळला नाही म्हणून उपचार थांबणार नाहीत, पडताळणी मागाहून होईल, हा नियम रुग्णालयाच्या दर्शनी भागी लिहिलेला असावा.

सावकाराच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या कुळाला त्या कागदात काय लिहिले आहे, हे बहुधा ठाऊक नसे. ठसा खरा असे, मजकूर खोटा असे. रुग्णालयाच्या खिडकीवर हाच व्यवहार पुन्हा घडू द्यावयाचा नसेल, तर अंगठ्याइतकीच कसून तपासणी मजकुराचीही झाली पाहिजे.