डोक्यावर कडी

फोटो चांगला येणं म्हणजे तो आपल्यासारखा न येणं, असं माझं जुनं मत आहे. आमच्या बाहेरच्या खोलीत आजोबांचा फोटो आहे. फोटोग्राफरने त्यांच्या गालांवरचे देवीचे वण असे काही साफ पुसले आहेत की, आजी म्हणायची, "हे असे दिसत असते, तर मी सारखी माहेरी गेलेच नसते!"

हे आठवलं ते पेरू देशातली मडकी पाहताना. पाहताना म्हणजे एका जाडजूड पुस्तकात. ("पेरूचं मडक्यात काय घालतात? लोणचं?" असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलंच.)

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर साधारण इ. स. 100 ते 800 या काळात मोचे लोक राहत. त्यांच्यापाशी कुंभाराचं चाक नव्हतं, लिपी नव्हती. पण माणसाचं तोंड त्यांना वाचता येत होतं. साच्यात माती दाबून ते माणसाच्या डोक्याचंच भांडं करीत. वर रिकिबीसारखी पोकळ कडी आणि कडीवर तोटी. लिमाच्या लार्को संग्रहालयात अशी मंडळी फडताळांतून दाटीवाटीने बसली आहेत.

साचा म्हटला की आपल्याला छापाचे गणपती आठवतात. इथे एकाच साच्यातून अनेक भांडी निघाली, तरी चेहरे साचेबंद नाहीत. एकाच्या पापण्या जड, एकाचा डोळा गेलेला, एक चक्क हसतोय. तक्रार एकच : जवळजवळ सगळे पुरुष. त्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "बरोबरच आहे. पोकळ डोकी लागत असतील."

पण यातला एक गृहस्थ काही केल्या मनातून जात नाही. वरच्या ओठावर वण असलेला. ख्रिस्तोफर डॉनन या अभ्यासकाने 2004 सालच्या पुस्तकात त्याची चाळीसहून अधिक भांडी ओळखून दाखवली. आधी दहाएक वर्षांचा पोरगा, मग भारदस्त पुरुष. आणि शेवटी, डॉनन यांच्या मते, बळी जायला निघालेला कैदी.

कुंभाराने त्याचं वैभव घडवलं आणि पडता काळही घडवला. वण मात्र कधी लिंपून टाकला नाही. खुशामत करायला माती त्याच्या हातातच होती की! त्या माणसाचं नाव आज कोणालाच ठाऊक नाही. त्या वणामुळेच तो बाराशेहून अधिक वर्षांनी ओळखू येतो.

आमच्या आजोबांचं उलट आहे. फोटोखाली नाव आहे, सनावळी आहे. परवा फोटो पुसताना मी त्यांच्या गालावरून हळूच बोट फिरवून पाहिलं. नुसती काच लागली.