कॅरल, ल्यूइस : टोपणनावामागील भूमिका
ल्यूइस कॅरल हे चार्ल्स लटविज डॉज्सन (१८३२–९८) ह्या ऑक्सफर्डमधील गणिताध्यापकाचे टोपणनाव. पहिल्या दोन नावांच्या लॅटिन रूपांचा क्रम उलटवून ते बनविले असून १८५६ मध्ये एका नियतकालिकातील कवितेखाली ते प्रथम आले. ॲलिसच्या अद्‌भुतकथेमुळे (१८६५) ते विख्यात झाले. परंतु कॅरलच्या नावे आलेली अपरिचितांची पत्रे डॉज्सन नाकारू लागला. गणितज्ञाची प्रतिष्ठा जपण्यासाठी त्याने टोपणनाव घेतले, असे सामान्यतः मानतात. हे स्पष्टीकरण अपुरे आहे. कारण सिंबॉलिक लॉजिक (१८९६) हा तर्कशास्त्रावरील ग्रंथही त्याने कॅरल ह्याच नावाने प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांच्या कुतूहलाचा त्याला तिटकारा होता, हे कारण अधिक सयुक्तिक वाटते. स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध होऊ देण्यासही तो नाखूष असे. बालमित्रांना लिहिलेल्या काही पत्रांखाली मात्र त्याने ‘कॅरल’ अशी सही केली आहे.