'मास इफेक्ट'ची एकत्रित आवृत्ती : घ्यावी की न घ्यावी?

जुने पुस्तक नव्या आवृत्तीत निघाले म्हणजे पहिली आवृत्ती ज्याच्या फडताळात आहे त्याच्यापुढे एक पेच उभा राहतो. मजकूर तोच असेल तर पुन्हा पैसे का मोजावयाचे, आणि मजकूर बदलला असेल तर आपण ज्यावर जीव लावला ते हेच पुस्तक का, असा तो दुहेरी प्रश्न असतो. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात हा पेच अलीकडे वारंवार पडू लागला आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे खेळ झाडूनपुसून, चित्रे अधिक रेखीव करून, 'रीमास्टर' या नावाने पुन्हा बाजारात आणावयाचे, हा तेथील प्रकाशकांचा रिवाजच होऊन बसला आहे. यांपैकी बहुतेकांविषयी लिहावे असे काही नसते. 'मास इफेक्ट' हा अपवाद आहे, कारण येथे एकत्रीकरणाने कृतीचा अर्थच थोडा बदलला आहे, असे आमचे मत आहे.

कॅनडातील एडमंटन येथील बायोवेअर या संस्थेने ही त्रयी रचली. पहिला भाग २००७ मध्ये, दुसरा २०१० मध्ये व तिसरा २०१२ मध्ये आला; आणि तिन्हींची सुधारलेली एकत्रित आवृत्ती 'लेजेंडरी एडिशन' या नावाने १४ मे २०२१ रोजी निघाली. जातीने हा अॅक्शन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे निम्मा वेळ बंदुकीचा व निम्मा वेळ संभाषणाचा. कथा सुरू होते २१८३ साली. दर पन्नास हजार वर्षांनी 'रीपर' नावाची प्रचंड यंत्रे येऊन आकाशगंगेतील प्रगत संस्कृतींचा संहार करतात, आणि ती वेळ पुन्हा जवळ आली आहे हे कमांडर शेपर्डला कळते. शेपर्ड पुरुष असावा की स्त्री हे खेळणाऱ्याने ठरवावयाचे. आमची शेपर्ड स्त्री होती, आणि जेनिफर हेल या अभिनेत्रीचा आवाज ऐकल्यावर त्या निवडीचा आम्हांस कधी पश्चात्ताप झाला नाही.

एवढ्यावरून हे नेहमीचे वैज्ञानिक अद्भुत वाटेल, आणि वरवरच्या रचनेत ते तसे आहेही. या कृतीचे वेगळेपण दुसरीकडे आहे. पहिल्या भागात घेतलेला निर्णय नोंदून ठेवला जातो, ती नोंद खेळणारा दुसऱ्या भागात नेतो, तेथून तिसऱ्यात. आणि ज्याला आपण जगविले तो मनुष्य पाच वर्षांनंतरच्या खेळात आपल्यासमोर येऊन उभा राहतो. जो मेला तो येत नाही. कादंबरीकारास हे साधत नाही, कारण त्याच्या कादंबरीत कोण जगले हे सर्व वाचकांसाठी एकच असते.

याचे उदाहरण देताना कथानकातील एक सूत्र उघड करणे भाग आहे. ज्यांस ते नको असेल त्यांनी यापुढील तीन परिच्छेद व अगदी शेवटचा परिच्छेद सोडून वाचावे.

क्रोगन ही एक लढवय्यी जमात आहे. एका जुन्या युद्धात आपल्या बाजूने लढावे म्हणून सलारियन शास्त्रज्ञांनी तिला हाताशी धरले, शस्त्रे दिली; पुढे तीच जमात डोईजड झाली, तेव्हा तिच्या रक्तात 'जेनोफेज' नावाची विकृती सोडण्यात आली. त्यायोगे हजारांत एखादेच मूल जिवंत जन्मास येते. रेक्स हा या जमातीतला एक म्हातारा भाडोत्री योद्धा, शेपर्डच्या जहाजावरील सोबती. व्हर्मायर या ग्रहावर जेनोफेजवरचा उपाय शत्रूच्या हाती असल्याचे कळते आणि तो तळच उडवून देण्याचा हुकूम शेपर्डला द्यावा लागतो. रेक्स बंदूक उचलतो. खेळणाऱ्याच्या अंगी वाक्चातुर्य पुरेसे असेल, अथवा त्याने पूर्वी रेक्सच्या घराण्याचे चिलखत शोधून दिले असेल, तर तो शांत होतो. एरवी तेथेच त्याचा शेवट होतो.

आम्ही चिलखत शोधून दिले होते. ही २००८ सालची गोष्ट. महाविद्यालयात होतो आणि संगणक मित्राचा होता. रेक्स वाचला याचा आनंद आम्ही दोघांनी चहा पिऊन साजरा केल्याचे स्मरते. पुढे त्या संगणकाची हार्ड डिस्क बिघडली व त्यावरील सर्व काही गेले. २०१० मध्ये दुसरा भाग हाती आला तेव्हा पूर्वीची नोंद नसल्याने खेळाने स्वतःच्या गृहीतांवर कथा सुरू केली. त्या गृहीतांत रेक्स मेलेला आहे. क्रोगनांच्या तुचांका ग्रहावर आम्ही मोठ्या उत्सुकतेने उतरलो, तो टोळीच्या आसनावर त्याचा आडदांड भाऊबंद रीव्ह बसलेला. आमचा माणूस केवळ फाइल गहाळ झाल्याने मृत ठरला होता. सरकारी कचेरीत बसणाऱ्यास यात अपरिचित असे काही नाही. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्धास दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. दाखला आला नाही तर वेतन थांबते, मग तो गृहस्थ खिडकीसमोर उभा का असेना.

या सूत्राचा पुढचा धागा मॉर्डिन सोलस या सलारियन वैज्ञानिकाच्या हाती आहे. भरभर बोलणारा, विनोदी, गाणी म्हणणारा हा गृहस्थ जेनोफेजला अधिक पक्के करणाऱ्या तुकडीत होता, हे दुसऱ्या भागात कळते. त्याचाच शिष्य मेलॉन तुचांकावर उपाय शोधीत असतो आणि त्यासाठी कैद्यांचे हालहाल करून प्रयोग चालवितो. ती शिष्याची टिपणे ठेवावीत की नष्ट करावीत, हे मॉर्डिन शेपर्डला विचारतो. ती प्रेते पाहून आम्ही किळसेने टिपणे नष्ट केली. तिसऱ्या भागात उपाय करण्याची वेळ येते, तेव्हा या टिपणांवाचून ईव्ह ही क्रोगन स्त्री वाचत नाही.

त्रयीचे खरे यश या एका सूत्रात आहे. येथे 'चांगले' आणि 'वाईट' अशी दोन दारे नाहीत. एका ठिकाणी केलेली दया दुसऱ्या ठिकाणी कोणाच्या तरी जिवावर बेतते, आणि किळस आली म्हणून केलेले कृत्य पुढे निराळाच हिशेब मागते. मात्र हे सर्व दिसण्यास तीन खंडांतून एकच नोंद अखंड जावयास हवी. जुन्या काळी ती फार थोड्यांची गेली असेल. संगणक बदलत, कन्सोल बदलत, कोणी दुसऱ्या भागापासूनच आरंभ करी. 'लेजेंडरी एडिशन'मध्ये तिन्ही खेळ एका छताखाली आहेत व नोंद एकातून दुसऱ्यात बिनबोभाट जाते. आमच्या दृष्टीने या आवृत्तीचा पहिला गुण हाच. रेखीव चित्रे त्यानंतर.

आता संपादनाकडे वळू. सर्वांत अधिक हात पहिल्या खंडावर फिरला आहे, आणि त्याला त्याची गरजही होती. मूळ खेळात लिफ्टमध्ये उभे राहून माणूस कंटाळून जाई. तो वेळ आता बराच कमी झाला आहे. मॅको ही सहा चाकांची गाडी पूर्वी डोंगरावर चेंडूसारखी उसळे, ती आता जमिनीस धरून चालते. नेमबाजी स्थिर झाली. दुसऱ्या भागातील मिरांडा या स्त्रीपात्राचे गंभीर संभाषण चालू असता कॅमेरा भलतीकडेच रेंगाळत असे; त्यांतील काही दृश्ये फिरवून घेतली आहेत, हे सुरुचीस धरून झाले. तिसऱ्या भागातील अनेकांनी मिळून खेळावयाचा विभाग मात्र समूळ वगळला आहे. पूर्वी त्या विभागावाचून उत्तम शेवट गाठणे कठीण होते, म्हणून युद्धसिद्धतेची मोजणी नव्याने बसवावी लागली. पहिल्या भागाचे 'पिनॅकल स्टेशन' हे पुरवणी प्रकरणही नाही, कारण त्याचा मूळ कोड पुन्हा वापरता न येण्याइतका खराब झालेला आढळला. दहा-बारा वर्षांत मूळ प्रत नष्ट व्हावी, ही गोष्ट ताडपत्रे सांभाळणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे.

आमचा आक्षेप निराळा आहे. पहिल्याच प्रसंगातील ईडन प्राइम हा ग्रह मूळ खेळात तांबूस, कोंदट, अशुभ आकाशाखाली दिसे. काही तरी भयंकर घडून गेले आहे हे त्या रंगावरूनच समजे. नव्या आवृत्तीत तेथे स्वच्छ उजेड आला आहे. झाडे अधिक, तपशील अधिक, भीती कमी. हा पाठभेद किरकोळ नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली. तिच्या संपादकांनी संहितेतून वगळलेले श्लोक फेकून दिले नाहीत, तर तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवले, जेणेकरून वाचकास त्यांचा निर्णय तपासता यावा. या आवृत्तीत जुने आकाश पाहावयाचे म्हटले तर एखादे बटण नाही. संपादकाने सुधारावे, पण काय पुसले ते दाखवावे, एवढी अपेक्षा साठ डॉलर घेणाऱ्याकडून ठेवणे अवाजवी नसावे.

आणखी एक हानी अटळ होती, तिचा दोष कोणास देता येत नाही. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी ज्यांनी 'करमणूक' पत्रातून क्रमशः वाचली, त्यांनी यमूची वाट पाहिली; आम्ही ती बांधीव पुस्तकातून एका दमात वाचली. मजकूर एक, अनुभव दोन. तेच येथे. 'सिटाडेल' हे पुरवणी प्रकरण २०१३ मध्ये, त्रयी संपून वर्ष झाल्यावर आले. त्यात सर्व सोबती एका घरी जमतात, थट्टामस्करी होते, नाच होतो. ज्यांनी पाच वर्षे या मंडळींबरोबर काढली त्यांच्यासाठी तो निरोपसमारंभ होता. कथाक्रमात मात्र तो अंतिम लढाईच्या आधी येतो. नव्या खेळणाऱ्यास तो ऐन संहारकाळी भेटतो, आणि ग्रहच्या ग्रह जळत असता ही मंडळी मेजवानी कसली करीत आहेत, असे त्यास वाटले तर त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. आमची सूचना अशी की, ते प्रकरण शक्य तितके उशिरा, शेवटच्या हल्ल्याच्या अगदी तोंडावर उघडावे.

शेवटासंबंधी २०१२ मध्ये झालेला गदारोळ सर्वश्रुत आहे. एवढे सगळे निर्णय घेऊन अखेरीस तीन रंगांच्या तीन दारांपुढे आणून उभे केले, ही तक्रार आम्हांस आजही बरोबर वाटते. त्याच वर्षी जूनमध्ये विनामूल्य दिलेला विस्तारित शेवट या आवृत्तीत समाविष्ट आहे. त्याने खुलासा होतो, समाधान होत नाही.

आता व्यवहार. २०२१ मधील साठ डॉलरची किंमत एका खेळास पुष्कळ, तीन खेळांस आणि चाळीसांहून अधिक पुरवण्यांस वाजवी होती. जावेद नव्हे, जाविक नावाचा एक सोबती (मित्राने हे नाव शेवटपर्यंत चुकीचेच उच्चारले) २०१२ मध्ये वेगळे पैसे भरणाऱ्यासच मिळे. तो त्या कथेतील नष्ट झालेल्या संस्कृतीचा एकमेव साक्षीदार, आणि त्याच्यावाचून तिसरा भाग वाचणे म्हणजे साक्षीदार न तपासता निकाल ऐकणे होय. अशा सर्व गोष्टी आता एकत्र आहेत. शिवाय हा संच पुढे सवलतीच्या दरात अनेकदा विकला गेला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये प्लेस्टेशन प्लसच्या वर्गणीदारांस मासिक भेट म्हणून मिळाला. ज्यांनी तेव्हा तो खात्यात जमा करून ठेवला आहे त्यांनी पुन्हा विकत घेण्यापूर्वी आपले खाते तपासावे. संगणकावर घेणाराने सुमारे १२० गिगाबाइट जागा मोकळी ठेवावी. परंतु खरी किंमत पैशांत नाही, तासांत आहे. कचेरी, बस आणि मुलांचा अभ्यास यांतून उरलेला वेळ ज्याच्याजवळ रात्रीचा एक तास आहे, त्याने शंभर तास म्हणजे तीन-चार महिने धरावेत. तेवढ्या वेळात पुष्कळ पुस्तके वाचून होतात, हे आम्ही जाणून आहोत.

ज्याने तिन्ही भाग पूर्वी अखंड नोंदीने खेळले आहेत आणि ज्याचे जुने खेळ अजून चालतात, त्याने पूर्ण किमतीस हा संच घेऊ नये. केवळ उजेडासाठी एवढे पैसे फार होतात. ज्याने यांतले काहीच पाहिले नाही त्याने निःशंक घ्यावा, मात्र सवलतीची वाट पाहून. आणि पहिल्या भागाचे जुनाट वळण सोसवत नाही म्हणून दुसऱ्यापासून आरंभ करण्याचा मोह टाळावा, नाहीतर त्याचाही रेक्स न भेटताच मेलेला असण्याचा संभव आहे. राहिला आमच्यासारखा, ज्याची नोंद मध्येच तुटली. त्याच्यासाठीच जणू ही आवृत्ती काढली आहे.

आम्ही ती सवलतीत घेतली व गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या भागात तुचांकावर पोहोचलो. या खेपेस सर्व यथासांग केले होते : चिलखत शोधले, रेक्स आसनावर होता, मेलॉनची टिपणे ठेवली होती, ईव्ह जिवंत होती. २०१२ मध्ये परिस्थिती उलट होती. युद्धखोर रीव्ह टोळीप्रमुख, ईव्ह हाती न लागणारी. तेव्हा अशा जमातीस उपाय देऊ नये हे आम्ही मॉर्डिनला पटवू शकलो होतो, आणि तो जिवंत निघून गेला होता. ती सवड रेक्स मेलेला असला आणि टिपणे नष्ट केलेली असली तरच मिळते, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. म्हणजे हार्ड डिस्क बिघडली म्हणून मॉर्डिन वाचला होता. आता नोंद शाबूत होती. त्याला थांबवावयाचे तर पाठीत गोळी घालणे एवढाच मार्ग उरला होता. आम्ही बंदूक खाली केली, आणि तो त्या जळत्या मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये शिरला. ही लिफ्ट मात्र नव्या आवृत्तीतही पूर्वीइतकीच सावकाश वर जाते, असे आम्हांस वाटले.