मोटारींचे तुलना-तक्ते : एक चिकित्सा

मोटार घ्यायचे ठरले की बहुतेक घरांत पहिला आधार असतो तो तुलनेच्या तक्त्याचा. मोटारविषयक मासिके, वृत्तपत्रांच्या पुरवण्या आणि विक्रेत्यांची माहितीपत्रके असे तक्ते छापतात. वर गाड्यांची नावे. खाली किंमत, मायलेज, सुरक्षा, जागा, सोयी असे मुद्दे. प्रत्येकाला दहापैकी गुण आणि शेवटी बेरीज. जिची बेरीज जास्त ती गाडी सर्वोत्तम! नोकरदार कुटुंबाची कित्येक वर्षांची बचत आणि पुढे आठ-दहा वर्षे त्या गाडीतून फिरणाऱ्या माणसांची सुरक्षितता या बेरजेवर अवलंबून राहणार असेल, तर ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

तक्त्याचा गुण आधी सांगितला पाहिजे. मनात एका वेळी दोन-तीन मुद्देच राहतात. कागदावर सगळे एकत्र दिसतात. १७७२ साली रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांच्यापुढे एक नवी नोकरी स्वीकारावी की नाही, असा प्रश्न होता. त्यांनी बेंजामिन फ्रँकलिन यांचा सल्ला विचारला. फ्रँकलिन यांनी काय ठरवावे हे सांगितले नाही, कसे ठरवावे ते सांगितले. कागदाचे दोन भाग करावेत, अनुकूल व प्रतिकूल मुद्दे तीन-चार दिवस सुचतील तसे लिहावेत आणि मग दोन्ही बाजूंचे सारख्या वजनाचे मुद्दे खोडत जावे. या रीतीत मुद्द्यांचे वजन ठरवणारे स्वतः प्रीस्टलीच होते. छापील तक्त्यात मात्र हे काम तक्ता करणारा आपल्या वतीने उरकून टाकतो. आमचा मुख्य आक्षेप यावर आहे. पण त्याआधी तक्त्यातील दोन आकड्यांकडे पाहू.

पहिला आकडा मायलेजचा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत गाडी रोलरवर ठेवून ठरावीक चक्रानुसार चालवतात. भारतीय चक्र ११८० सेकंदांचे असून त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो. सर्व गाड्यांना एकच चक्र असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी पडतो. घाट, भरलेली गाडी, चौकातील कोंडी यांचा त्यात समावेश नसल्याने आपल्याला रस्त्यावर तेवढेच मायलेज मिळेल, असे मात्र समजू नये.

या आकड्यात आणखी एक फसगत आहे. लिटरमागे १० ऐवजी १२ किलोमीटर आणि २० ऐवजी २४ किलोमीटर, यांतील कोणत्या सुधारणेने जास्त इंधन वाचेल? पुष्कळजण दुसरीचे नाव घेतात. वर्षाला १२,००० किलोमीटर प्रवास धरला तर पहिल्या सुधारणेत खर्च १२०० लिटरवरून १००० वर येतो, म्हणजे २०० लिटर वाचतात. दुसरीत ६०० चे ५०० होतात, म्हणजे वाचतात १००. कारण उघड आहे : खर्च मायलेजच्या व्यस्त प्रमाणात असतो. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात हा भ्रम प्रयोगांनी दाखवून दिला. तक्त्यात '१०० किलोमीटरला किती लिटर' असे छापले तर हा घोटाळा टळेल.

दुसरा आकडा सुरक्षेच्या ताऱ्यांचा. भारतात सक्तीच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत वेग ताशी ५६ किलोमीटर असतो, तर तारे देणाऱ्या चाचणीत ६४. फरक थोडा वाटतो. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे दुसऱ्या चाचणीत गाडीला सुमारे ३१ टक्के अधिक ऊर्जा सोसावी लागते. 'सर्व सरकारी निकष पूर्ण' आणि 'पाच तारे' ही दोन निरनिराळी विधाने आहेत.

२०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंडाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवागन पोलो. एअरबॅग नसलेल्या या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. तक्त्यात पाचही सारख्याच. पण शून्यामागची कारणे वेगळी होती. पहिल्या तिघींचा सांगाडाच धडकेत टिकला नाही, त्यामुळे नुसती एअरबॅग बसवून फारसे साधले नसते. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला होता. दोन एअरबॅग असलेल्या पोलोची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा तिला चार तारे मिळाले. एका शून्याआड असे दोन वेगळे दोष दडलेले होते, आणि 'पोलो' या एका नावाआड दोन वेगळ्या गाड्या! म्हणून तारे नुसत्या नावाचे न पाहता आपण घेणार त्या प्रकाराचे आणि त्या वर्षीच्या नियमांचे पाहावेत. ग्लोबल एनकॅपने २०२२ साली आपले निकष कडक केले. तेव्हा २०१८ चे पाच तारे आणि २०२३ चे पाच तारे एकाच ओळीत मांडणे बरोबर नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतंत्र योजनाही सुरू झाली आहे.

ताऱ्यांची आणखी एक मर्यादा अकरावीचा विद्यार्थीही ताडू शकेल. या चाचणीत प्रत्येक गाडी ठरावीक अडथळ्यावर आदळते, दुसऱ्या गाडीवर नव्हे. ८०० आणि १६०० किलोग्रॅमच्या दोन गाड्या ताशी ५० किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या असे समजा. संवेग अक्षय्यतेनुसार दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने सुमारे १६.७ च्या वेगाने जातील. जड गाडीच्या वेगात ३३.३ चा फरक पडला, हलकीच्या वेगात ६६.७ चा. तारे सारखे असले तरी आतील माणसांना बसणारा हिसका सारखा नाही. म्हणून समोरच्या धडकेचे तारे साधारण सारख्या वजनाच्या गाड्यांतच ताडून पाहावेत.

आता बेरजेकडे येऊ. समजा, किंमत, इंधन, सुरक्षा, जागा आणि सोयी या क्रमाने 'अ' गाडीला ९, ८, ३, ७, ८ गुण आहेत. 'ब' ला ६, ६, ९, ७, ५. आणि 'क' ला ७, ७, ६, ७, ७. बेरजा ३५, ३३ आणि ३४. 'अ' पहिली, 'ब' शेवटची. आता सुरक्षेचे गुण दुप्पट धरा. बेरजा होतात ३८, ४२ आणि ४०. 'ब' पहिली, 'अ' शेवटची! गाड्यांत काडीचाही बदल झालेला नाही. फक्त आपण कशाला किती महत्त्व देतो ते बदलले. सर्व मुद्द्यांना सारखे वजन देणे म्हणजे वजन न देणे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात तेही एक मतच आहे, फक्त न सांगितलेले. सोयींचे पडदा आणि ध्वनियंत्रणा असे दोन रकाने केले की करमणुकीचे वजन आपोआप दुप्पट होते.

याहून गंभीर दोष असा की, बेरजेत सुरक्षेतील ३ ची भरपाई सोयींतील ८ ने होते. शाळेत चित्रकलेतील जादा गुण आपण गणितात वळते करीत नाही. मग कमकुवत सांगाड्याची भरपाई मोठ्या पडद्याने कशी होईल? भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात ही भरपाई मान्य करणारा तक्ता आम्हांला सदोष वाटतो.

यावर उपाय सोपा आहे. आधी किमान पात्रता ठरवावी : सुरक्षा अमुक इतकी हवीच, किंमत अमुकच्या वर नको, घरातील सर्वजण बसले पाहिजेत. जी गाडी यांपैकी एकातही नापास होते ती यादीतून काढावी. उरलेल्या गाड्यांत ज्या मुद्द्यावर सर्व सारख्या आहेत तो मुद्दा सोडून द्यावा. वरच्या उदाहरणात जागेचे ७ गुण निकालात काहीच भर घालत नव्हते. राहिलेल्या मुद्द्यांना घरच्यांनी मिळून वजने द्यावीत आणि ती थोडी बदलून पाहावीत. वजने बदलूनही पहिला क्रमांक टिकला तर निर्णय पक्का समजावा. बदलला, तर त्या दोन गाड्यांतला फरक आपल्या दृष्टीने किरकोळ आहे, असे मानून आवडेल ती घ्यावी.

नववी-दहावीच्या वर्गात एखादा छापील तक्ता आणून प्रत्येक गटाला आपली वजने ठरवायला सांगावी. निकाल वेगळे आले की चर्चा आपोआप रंगेल. इंधन आणि धडक ही मोजमापे; त्यांना किती महत्त्व द्यायचे हा आपला निर्णय. या दोहोंतील भेद विद्यार्थ्यांना एकदा कळला, की गाड्यांचेच नव्हे तर शाळा-महाविद्यालयांच्या क्रमवारीचे तक्तेही ते अधिक जागरूकपणे वाचतील.