कोटणीसांचा चीन आणि आमची उर्दू

शाळेच्या प्रोजेक्टरवर आम्ही आठवीच्या मुलांना 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' दाखवला. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट. मधे दोनदा वीज गेली. तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, ये चीनी लोगां उर्दू कैसे बोलरै?" वर्ग हसला, आम्हीही हसलो. साखऱ्याला घरी परतताना मात्र वाटले, आमच्यापैकी नीट प्रश्न विचारला तो तिनेच.

हकीकत सर्वांना माहीत आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जपानविरुद्धच्या लढाईतल्या जखमींची सेवा केली, तिथल्याच ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. वय अवघे बत्तीस. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, त्यांचे नाव आपण कधी काढत नाही, ते असो. ही कहाणी भारतभर पोचवली ती ख्वाजा अहमद अब्बास यांनी. पानिपतच्या हालींच्या घराण्यातले अब्बास. १९४४ मध्ये त्यांचे 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे इंग्रजी पुस्तक आले आणि व्ही. पी. साठे यांच्या सोबतीने त्यांनीच त्याची पटकथा केली. म्हणजे सोलापूरचा नायक, कोल्हापूरचा दिग्दर्शक, पानिपतचा लेखक, आणि पडद्यावरचे सगळे चिनी बोलतात हिंदुस्थानी. आपल्या मिल्या-जुल्या तहजीबचा याहून चांगला दाखला सापडणे कठीण, असे कोणीही व्यासपीठावरून म्हणेल. आम्हीही अनेक वर्षे म्हणत होतो.

एम.ए. झाल्यावर पीएच.डी.साठी आम्ही हाच विषय धरला होता: अब्बास यांच्या लेखनातला चीन. ज्यांच्याकडे गेलो त्या सरांनी कागद बाजूला सारला. "चीनचे तुम्हाला काय करायचे? मुस्लिम समाजजीवनावर करा, लवकर उरकेल." इल्मासाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, हे वचन आपल्या घराघरांत ऐकवतात. हदीसचे जाणकार त्याची सनद कमजोर मानतात, पण त्या दिवशी आम्हाला कळले की सनदीच्या आधी मार्गदर्शकाची सही लागते. बी.एड. केले, नोकरीला लागलो. राग अजून आहे. पण सरांचा प्रश्न वाईट हेतूने विचारलेला असला तरी अगदीच पोकळ नव्हता, हेही आज कबूल केले पाहिजे. आम्हाला चिनी अक्षर ओळखता येत नव्हते. अब्बास यांच्या डोळ्यांनी चीन पाहून त्यालाच चीन म्हणायला आम्ही निघालो होतो.

चित्रपटात कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात आणि त्याच रोगाने जातात. प्रत्यक्षात त्यांचा जीव घेतला अपस्माराने. शहीद व्हायला फेफरे पुरत नाही, साथ लागते, असे पटकथाकारांना वाटले असावे. आम्हाला हा बदल खटकतो. झटके येत असताना बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी उचलणारा माणूस प्लेगच्या नायकापेक्षा मोठा होता. चिंग लानच्या भूमिकेत जयश्री आहेत आणि शेवटी ती बाळाला घेऊन सोलापूरच्या घरी येते. मरणाऱ्या पतीच्या आवाजात तो रस्ता, ते घर, ती आई दिसत जाते. आमच्या वर्गातल्या मुलीही तिथे रडल्या. दृश्य उत्कृष्टच आहे. पण त्यात चीन संपतो आणि एक सून उरते. खऱ्या ग्वो छिंगलान चीनमध्येच राहिल्या, मुलगा १९६७ मध्ये ऐन तारुण्यात गमावला, पतीसोबतच्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आणि २०१२ मध्ये वारल्या. त्या बाईला सासरच्या उंबऱ्यावर सोडून कॅमेरा परतला.

आधुनिक चिनी साहित्याचा विद्यार्थी ज्यांच्यापासून सुरुवात करतो ते लू शुन कोटणीसांच्या उलट दिशेने गेले होते. जपानमधल्या सेंदाई येथे ते डॉक्टरी शिकत होते. वर्गात दाखवलेल्या एका चित्रात एका चिनी माणसाचा शिरच्छेद होत होता आणि धडधाकट देहाचे चिनी लोक नुसते बघत उभे होते. शरीरे बरी करून काय होणार, असे वाटून १९०६ मध्ये त्यांनी डॉक्टरी सोडली आणि लेखणी धरली. शांतारामांच्या चित्रपटाचा सुईवर पूर्ण विश्वास आहे, लू शुन यांचा तो पडद्यावरच्या एका चित्राने उडाला. या दोन पडद्यांना शेजारी ठेवून वाचणे हे खरे संशोधन झाले असते. शिवाय चित्रपटातले जपानी म्हणजे फक्त दुश्मन. लू शुन यांनी मात्र सेंदाईच्या फुजिनो सरांवर कृतज्ञतेने लिहिले आहे, हे सर त्यांच्या वह्या लाल शाईने तपासून देत. वह्या तपासणाऱ्याला ही गोष्ट विसरता येत नाही.

कोटणीसांवर चीनने १९८२ मध्ये स्वतःचा चित्रपट काढला. तिथे त्यांचे नाव के दिहुआ. मरणाच्या काही महिने आधी ते चिनी कम्युनिस्ट पक्षात गेले होते, तेव्हा तिकडची कहाणी इकडच्यासारखी कशी असेल? पथकातले डॉ. बासू यांची रोजनिशी 'कॉल ऑफ येनान' या नावाने १९८६ मध्ये छापली गेली. अब्बास, शांताराम, बासू, ग्वो छिंगलान आणि चिनी चित्रपट, एवढे एका टेबलावर मांडायला इंग्रजी, मराठी, उर्दू आणि चिनी हवी. पहिल्या तीन आपल्या पोरांकडे असतात, तेही फुकटात. चौथी शांतिनिकेतनच्या चीन भवनात १९३७ पासून शिकवतात, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही शिकवतात. आपण मात्र उर्दू घेतलेल्या मुलाला डी.एड.चाच अर्ज आणून देतो. आम्हीही दिले आहेत.

त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले की ते नट आपलेच होते, चिनी नव्हतेच. ती म्हणाली, "तो फिर चीनी लोगां क्या बोलते थे, सर?"